चकवा : पडद्यावरचा आणि मेंदूतला

मुळशी तालुक्यातल्या जुन्या माणसांना ‘चकवा’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. अंधाऱ्या रात्री माणूस ताम्हिणीकडच्या रानातून घराकडे निघतो. वाट पायाखालची असते. तरी तासभर चालून तो पुन्हा त्याच झाडाखाली येऊन उभा राहतो. मग घरचे म्हणतात, ‘चकवा लागला.’ असे झाले की चालत राहू नये, एका जागी बसावे आणि उजाडायची वाट पाहावी, हा त्यावरचा पिढीजात सल्ला. कुणी चकव्याला भूत मानले, कुणी वनदेवतेची खोडी.

विज्ञानाने या अनुभवाची तपासणी केली, ती 2009 मध्ये. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही माणसांना दाट जंगलात आणि काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडले. सूचना एकच : सरळ चालत राहा. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आल्यावर जंगलातली माणसे गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडू लागली आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधली, तेव्हा काहींची वर्तुळे 20 मीटर व्यासाइतकी लहान निघाली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, ही समजूतही या प्रयोगात टिकली नाही. बाहेरची खूण मिळेनाशी झाली की ‘सरळ म्हणजे कुठे’ याचा मेंदूचा अंदाज पावलागणिक थोडाथोडा चुकतो आणि त्या चुका साठत जातात. उजाडेपर्यंत बसून राहण्याचा सल्ला म्हणूनच अगदी योग्य आहे. उजेडात डोंगराची सोंड दिसते, सूर्याची बाजू कळते आणि मेंदूला खूण परत मिळते.

घरच्या टेबलावरचा भुलभुलैया

असाच एक चकवा 1981 मध्ये इंग्लंडमधल्या एका माणसाने घरच्या संगणकावर उभा केला. माल्कम इव्हान्स पेशाने अभियंता. खेळ बनवणे हा काही त्यांचा धंदा नव्हता. त्या वर्षी सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स 81’ हा स्वस्त संगणक बाजारात आला होता. वहीएवढे काळे खोके, त्यावर सपाट पडद्यासारखा कीबोर्ड, पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांचा कॅसेट प्लेअर. मूळ स्मृती फक्त 1 केबी. मागे वेगळी डबी जोडली की ती 16 केबी होई. आज मोबाइलवर येणारे ‘शुभ सकाळ’चे एक चित्रसुद्धा यापेक्षा जास्त जागा घेते.

जे. के. ग्रे यांची कल्पना आणि इव्हान्स यांचे प्रोग्रामिंग, यातून या यंत्रावर ‘थ्रीडी मॉन्स्टर मेझ’ हा खेळ तयार झाला आणि 1982 च्या सुरुवातीला विक्रीला आला. भुलभुलैया 16 बाय 18 घरांचा, म्हणजे एकूण 288 चौकटी. प्रत्येक डावाला यंत्र नवा भुलभुलैया स्वतः रचत असे. त्यात एक डायनोसॉर मोकळा सुटलेला. खेळाडूने त्याच्या तावडीत न सापडता बाहेर पडायची वाट शोधायची. रंग नाहीत, आवाज नाही. काळ्या-करड्या ठोकळ्यांनी काढलेल्या भिंती, आणि डायनोसॉर किती जवळ आला हे सांगणारी खाली एक ओळ. त्या ओळीनेच मुलांच्या अंगावर काटा येई. घरगुती संगणकावरच्या पहिल्या काही त्रिमिती खेळांत त्याची गणना होते.

तंत्र म्हणून पाहिले तर असा खेळ बनवणे हौशी माणसाच्या आवाक्यातले असते. चौकटींच्या वहीसारखी एक जाळी घ्यायची. भिंत असेल तिथे एक आकडा, वाट असेल तिथे दुसरा. सुरुवातीला सगळीकडे भिंतच. मग एका घरातून कोरायला सुरुवात करायची, कुठल्याही एका बाजूच्या न कोरलेल्या घरात शिरायचे, तिथून पुढच्या. पुढे जागा उरली नाही की आल्या वाटेने मागे यायचे आणि जिथे फाटा मिळेल तिथून पुन्हा कोरायचे. सगळी घरे जोडली गेली की भुलभुलैया तयार. एका घराला एक बाइट धरली, तरी 288 घरांना 288 बाइट पुरतात. 16 केबीत असे पन्नासहून अधिक भुलभुलैये मावतील. उरलेल्या जागेत भिंती रेखाटायच्या आणि डायनोसॉर चालवायचा.

ही हौस पुण्यातही पोहोचली. 1984 मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून देशातल्या निवडक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक आले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या ‘स्पेक्ट्रम प्लस’ची परवानाधारक आवृत्ती भारतीय बाजारात आणली. हे यंत्र सुरू केले की समोर बेसिक भाषेची कोरी पाटी येई. तयार खेळ कॅसेटवरून चढवता येत, पण पुस्तकातला किंवा मासिकातला प्रोग्राम ओळीओळीने टंकून, चुका शोधून तो चालवून पाहणे हाही एक खेळच होता. आज लाखभर संगणक अभियंत्यांची वर्दळ असलेली मुळशी तालुक्यातली हिंजवडी तेव्हा शेतांचे गाव होते.

नकाशा काढून घेतला की काय होते?

आरोग्याच्या सदरात या जुन्या खेळाचा विषय निघण्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. त्याच्या आधी, 1980 मध्ये, जपानच्या तोरू इवातानी यांचा ‘पॅकमॅन’ आला होता. तोही भुलभुलैयाच. पण त्यात खेळाडू सगळा भुलभुलैया वरून पाहतो, घारीसारखा. कुठे आहोत आणि कुठे जायचे आहे, हे एका नजरेत कळते. इव्हान्स यांच्या खेळात खेळाडूला समोरची बोळ तेवढी दिसते. नकाशा पडद्यावर नाहीच, तो डोक्यात तयार करावा लागतो. तो तयार झाला नाही की लागला चकवा.

डोक्यात असा नकाशा खरोखर असतो का? हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना विचारला आणि त्यासाठीही भुलभुलैयाच वापरला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात विलार्ड स्मॉल यांनी इंग्लंडमधल्या हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्याच्या बागेतल्या भुलभुलैयाची छोटी प्रतिकृती करून तीत उंदीर सोडले. उंदीर ‘डावीकडे, उजवीकडे, डावीकडे’ असे पाठ करतो, अशी तेव्हाची समजूत. 1948 मध्ये एडवर्ड टोलमन यांनी वेगळे म्हणणे मांडले. उंदराच्या डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो आणि नेहमीची वाट बंद झाली तर त्याआधारे तो नवी वाट काढतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

त्या नकाशाचा पत्ता 1971 मध्ये लागला. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांनी उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात बारीक तारा बसवल्या. कानशिलाच्या आत, खोलवर असलेला हा भाग नव्या आठवणी घडवतो. त्यातल्या काही पेशी उंदीर एका ठरावीक जागी आला की चेतवल्या जात. दुसऱ्या जागी दुसऱ्या. 2005 मध्ये नॉर्वेच्या मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने शेजारच्याच एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स या पट्ट्यात आणखी नवल पाहिले. तिथली एकच पेशी ठरावीक अंतरांवर पुन्हा पुन्हा चेतते आणि ते बिंदू जोडले तर षटकोनी जाळी दिसते. आलेखाच्या कागदावर रेघा असतात, तशी ही मेंदूची जाळी. या तिघांना 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूकडे वाट शोधायची आणखी एक पद्धत आहे. ‘पारावरून डावीकडे, मग चक्कीपाशी उजवीकडे’ अशी वळणे सवयीने घेत जाणे. हे काम मेंदूच्या खोल भागातले कॉडेट केंद्रक करते. कॅनडाच्या संशोधकांनी 2003 मध्ये माणसांना संगणकावरचा भुलभुलैया खेळायला देऊन मेंदूची छायाचित्रे घेतली. सुरुवातीला जवळपास निम्म्या लोकांनी खुणांवरून नकाशा बांधला आणि बाकीच्यांनी वळणे मोजली. दोन्ही पद्धती उपयोगाच्या आहेत. रोजच्या वाटेला सवय पुरते. पण रस्ता खोदून ठेवला असेल, पूल वाहून गेला असेल, तर सवय गोंधळते. तिथे नकाशा लागतो.

नकाशा वापरला तर तो वाढतो, याचा चांगला पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिला. परवान्यासाठी त्यांना सुमारे 25 हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 मध्ये दाखवले की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. पुढे त्यांनी परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा काही वर्षे पाठपुरावा केला. उत्तीर्ण झालेल्यांत तो भाग वाढला, अनुत्तीर्णांत आणि परीक्षेला न बसलेल्यांत वाढला नाही.

होडीचा खेळ आणि गावाकडच्या वाटा

आता हे सगळे धागे एकत्र येतात. 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे ह्युगो स्पायर्स आणि इतर संशोधकांनी ‘सी हीरो क्वेस्ट’ हा मोबाइलचा खेळ आणला. खेळाडूला समुद्रातल्या खाड्यांचा नकाशा क्षणभर दाखवतात आणि काढून घेतात. मग होडी घेऊन सांगितलेल्या ठिकाणांना ओळीने भेट द्यायची. इव्हान्स यांच्या भुलभुलैयाचीच ही कसोटी : नकाशा पडद्यावर नाही, डोक्यात ठेवा. फरक इतकाच की इथे प्रत्येक वळणाची नोंद संशोधनासाठी जमा होत होती. जगभरातून सुमारे 40 लाख लोक हा खेळ खेळले. प्रयोगशाळेत एवढी माणसे तपासायची तर कित्येक जन्म लागले असते.

त्यातल्या 38 देशांतल्या 3 लाख 97 हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास 2022 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. शहराबाहेर वाढलेल्या लोकांची वाट शोधण्याची क्षमता सरासरीने शहरात वाढलेल्यांपेक्षा चांगली निघाली. हा फरक सगळ्या देशांत सारखा नव्हता. चौकटीच्या वहीसारखे सरळ-आडवे रस्ते असलेल्या शहरांच्या देशांत तो मोठा होता, वाकड्यातिकड्या जुन्या रस्त्यांच्या शहरांत कमी. माणूस आज कुठे राहतो यापेक्षा लहानपणी कुठे वाढला, याचा प्रभाव अधिक होता.

मुळशीकडे या नजरेने पाहावे. पौडच्या पुढे डोंगरात शिरले की एकही वाट सरळ नाही. ओढा ओलांडायची जागा पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात दुसरी. धनगरवाड्यातले पोर गुरांमागे दिवसभर फिरते ते टेकाड, पाणवठा आणि झाड यांच्या खुणांवर. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीत कंपनीची बस दारातून उचलते आणि दारात सोडते. स्वतःची गाडी असली तर मोबाइलमधली बाई वळणे सांगते. कॅनडातल्याच एका अभ्यासात 2020 मध्ये दिसले की जीपीएसवर जास्त विसंबणाऱ्यांची वाटा लक्षात ठेवण्याची क्षमता कमी होती आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासलेल्या मोजक्या लोकांत, ज्यांचा वापर जास्त, त्यांच्यात घसरणही अधिक होती. अभ्यास छोटा आहे, त्यावरून घाबरून जाऊ नये. पण न वापरलेली वाट बुजते, हे कोणताही गुराखी सांगेल.

चकवा लागणे हे लक्षण केव्हा?

यामागचा गंभीर मुद्दा स्मृतिभ्रंशाचा आहे. त्याचे सर्वात जास्त आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर आजार. या आजारात टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते मेंदूच्या बाह्यपटलात सर्वात आधी दिसू लागतात ते एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्सच्या भागात, म्हणजे जिथे नकाशाची जाळी आहे त्याच परिसरात. नंतर तो हिप्पोकॅम्पसला घेरतो. म्हणून नावे विसरण्याच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी, माणूस वाटा चुकू लागतो. ‘सी हीरो क्वेस्ट’वरच्या 2019 च्या एका अभ्यासात अल्झायमरचा आनुवंशिक धोका असलेली पण लक्षणे नसलेली माणसे लांबचे, कडेकडेचे मार्ग घेताना दिसली. नेहमीच्या स्मरणचाचण्यांत मात्र ती इतरांसारखीच होती.

भारतात 60 वर्षांवरील लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मांडला. त्यात खेड्यांतले प्रमाण शहरांपेक्षा जास्त निघाले. डोंगरवाटांवर वाढलेले बालपण वाट शोधण्याचे कौशल्य देते, आजारापासून कवच देत नाही. कमी शिक्षण, उपचारांविना राहिलेला रक्तदाब आणि मधुमेह, तंबाखू, कमी झालेले ऐकू येणे आणि दिसणे, एकटेपणा हे सारे धोके मोठे आहेत. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये असे 14 धोके मोजले. ते आटोक्यात आणले तर स्मृतिभ्रंशाचे जवळपास निम्मे रुग्ण टळू शकतात किंवा आजार लांबवता येऊ शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

मग घरच्यांनी काय पाहावे? नव्या गावात, अंधारात, गर्दीच्या एसटी स्थानकात वाट चुकणे हे कुणालाही होते. चष्मा घरी विसरला तरी होते. काळजी करावी ती पायाखालची वाट चुकली तर. चाळीस वर्षे ज्या शेतावर गेले ते शेत सापडेना, देवळातून घरी यायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागू लागला, बाजारातून परतताना शेजाऱ्याने घरी आणून सोडले, किंवा घरातच रात्री मोरीची दिशा कळेना. असे एकदा घडले तरी नोंद ठेवावी, पुन्हा घडले तर डॉक्टरांकडे न्यावे. ‘वय झाले’ किंवा ‘चकवा लागला’ म्हणून सोडून देऊ नये.

त्यातही एक भेद महत्त्वाचा आहे. हा गोंधळ दोन-चार दिवसांत अचानक आला असेल, तर ती तातडीची बाब समजावी. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, नव्या गोळ्यांचा परिणाम, पक्षाघात, किंवा काही आठवड्यांपूर्वी घसरून डोक्याला लागल्यानंतर आत साचत गेलेले रक्त ही त्याची कारणे असतात. यांतली बरीच वेळेवर ओळखली तर पूर्ण बरी होतात. सावकाश वाढलेल्या विसराळूपणातही बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य ही उपचार होण्याजोगी कारणे आधी तपासायची असतात. शेवटी अल्झायमरच निघाला, तर तो बरा करणारे औषध आज नाही. पण काही काळ लक्षणे सावरणारी औषधे आहेत आणि घराची घडी बसवायला वेळ मिळतो. रुग्णाच्या खिशात नाव आणि घरच्यांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी कायम ठेवावी. ज्येष्ठांसाठी 14567 ही देशव्यापी निःशुल्क मदतवाहिनी आहे.

खेळाने काय साधते, काय नाही

भुलभुलैयाचे खेळ खेळून स्मृतिभ्रंश टळतो, असे कुणीही सिद्ध केलेले नाही. मेंदूचा व्यायाम म्हणून खेळ विकणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2016 मध्ये अशा दाव्यांबद्दल कारवाई केली. प्रकरण 20 लाख डॉलर देऊन मिटले. तेव्हा ‘बुद्धी वाढवणाऱ्या’ अॅपवर पैसे खर्च करण्यापेक्षा आजोबांचा रक्तदाब नियमित तपासून घ्यावा आणि गरज असेल तर श्रवणयंत्र बसवून घ्यावे. मुलांच्या बाबतीत दुसरे टोक सांभाळायचे आहे. खेळावरचा ताबा सुटणे, त्यापुढे अभ्यास-झोप-जेवण मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, हे साधारण वर्षभर चालले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. 2022 पासून लागू झालेल्या तिच्या वर्गीकरणात तो नोंदलेला आहे.

मुलाला भुलभुलैया खेळू देण्याऐवजी बनवायला द्यावा, ही एक सोपी वाट आहे. चौकटीची वही आणि पेन्सिल पुरते. बाहेर पडायची वाट एकच ठेवायची आणि भावंडाला सोडवायला द्यायचा. दुसऱ्याला चकवायचे तर सगळा नकाशा आपल्या डोक्यात असावा लागतो. आणि सुट्टीत गावी गेल्यावर, एखाद्या दिवशी मोबाइल खिशात ठेवून आजोबांना पुढे चालू द्यावे. त्यांच्या खुणा विचाराव्यात : कुठल्या झाडापाशी वळायचे, डोंगराची कुठली सोंड डाव्या हाताला ठेवायची. नातवाला वाट कळेल. आणि आजोबा नेहमीच्याच वळणावर थबकले, इकडेतिकडे पाहू लागले, तर तेही कुणाच्या तरी वेळेवर लक्षात येईल.